माऊस फार ऐकतो

त्र्यंबक खानापुऱ्यांच्या घरात दोन गोष्टींना खरकट्या हाताने शिवायचं नाही असा दंडक होता: देवांना आणि माऊसला. त्यातही देवांच्या बाबतीत थोडी सूट मिळायची. कन्या इरा शेंगदाण्याच्या चटणीचा हात घेऊन देव्हाऱ्यापाशी पोचली, तर त्र्यंबकराव "असू दे, लहान आहे" म्हणत. तीच इरा संगणकाच्या टेबलाकडे वळली की "रुचिरा, हिला धर!" अशी आरोळी चेन्नईतल्या पोरूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरून निघून खाली इस्त्रीवाल्यापर्यंत जाई. इस्त्रीवाल्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण तोही बायकोला तामिळमध्ये सांगे, की वरच्या सारांचा माऊस आज पुन्हा धोक्यात आहे.

त्र्यंबकराव मूळचे इचलकरंजीचे. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात ते क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागले, त्याला आता इतकी वर्षं झाली होती की गावी गेल्यावर त्यांना आमटीत चिंच कमी वाटे. कारखान्यात त्यांचं काम म्हणजे फट बघणं. मोटारीचं दार आणि चौकट यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे की नाही, हे ते नुसत्या नजरेने सांगत. आता अशी नजर काही कारखान्याच्या फाटकाशी काढून ठेवता येत नाही. लग्नाला गेले तरी नवरानवरीच्या आधी अंतरपाट सरळ धरलाय का ते बघत. सासऱ्यांनी हौसेने करवून घेतलेल्या सागवानी कपाटाला त्यांनी पहिल्याच भेटीत "डावीकडे उतरलंय" म्हटलं होतं. तेव्हापासून सासरे त्यांना कपाट नसलेल्या खोलीत बसवत.

माऊसच्या टेबलाच्या वर, भिंतीतल्या फळीवर, काचेची एक ट्रॉफी होती. ती कारखान्यानेच दिलेली. तिथे गाडीत वाकून सीटचे बोल्ट बसवताना कामगारांचे खांदे भरून येत, हात ढळे, बोल्ट तिरका जाई. त्र्यंबकरावांनी एक निमुळती पिन बनवली. हात थोडा इकडेतिकडे झाला तरी ती बोल्टला अलगद ओढून भोकात नेऊन सोडी. बक्षीस घेताना केलेलं भाषण रुचिराला पाठ होतं, कारण आदल्या आठवडाभर ते तिच्यासमोर चाललं होतं. "हात थकतो, हात चुकतो. ते यंत्राने सांभाळून घ्यायचं. नाहीतर यंत्र कशाला?" टाळ्या पडल्या होत्या. पुढे ट्रॉफीवरची धूळ पुसायचं काम रुचिराकडे आलं, भाषणाचं कुणाकडेच आलं नाही.

त्र्यंबकरावांचा खेळ म्हणजे 'ॲशफोर्ट'. पडद्यावर एक किल्ला. चौघांनी तो राखायचा, दुसऱ्या चौघांनी घ्यायचा, आणि सगळ्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. वाण्याचं बिल चुकलं तरी "जाऊ द्या हो" म्हणणारा हा गृहस्थ तिथे जिन्याच्या वळणावर दबा धरून बसे. हा खेळ फक्त संगणकावर चाले. टीव्हीला जोडायचा तो कन्सोल नावाचा डबा, आणि दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चालवायचा तो कंट्रोलर, यांना ॲशफोर्टच्या दारात मज्जाव होता. त्र्यंबकरावांना खेळापेक्षा या मज्जावाचा अभिमान थोडा जास्तच होता.

गुरुराव त्यांना भेटले ते याच किल्ल्यावर. नेहमीसारखा कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांचा संघ जमला होता आणि कानावरच्या हेडफोनमधून एकाएकी आवाज आला, "अय्यो, मागें पाहा! मागें! जिन्यावरोन आले!" त्र्यंबकरावांना वाटलं, खरोखरच्याच एखाद्या किल्ल्यावरून जुना हवालदार बोलतोय. ते वळले, वाचले आणि म्हणाले, "मराठी का हो तुम्ही?"

"होय की. आम्ही तंजावरचे. तीनशें वर्षें जाहलीं येऊन. तुम्ही कधीं आलांत?"

"तुमच्या मानाने आज सकाळीच म्हणा," त्र्यंबकराव म्हणाले.

गुरुराज राव चेन्नईच्याच आवडी नावाच्या उपनगरात राहायचे. तिथल्या एका सरकारी कारखान्याच्या कचेरीत ते कारकून होते आणि क्वार्टर्समध्ये त्यांचं बिऱ्हाड होतं: ते, पत्नी महालक्ष्मी आणि कॉलेजात जाणारी मुलगी जननी. आठवडाभर फायलींवर शिक्के मारणारा हा शांत माणूस किल्ल्याच्या बुरुजावर दुर्बिणीची बंदूक घेऊन उभा राहिला की समोरच्यांची पळापळ होई. त्यांचा नेम असा, की त्र्यंबकराव आपलं मरण बाजूला ठेवून बघत राहत.

मग शनिवार ठरले. जेवणं आटोपली की गुरुराव आवडीहून बसने पोरूरला येत. खांद्याच्या पिशवीत मऊ फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा माऊस, आणि त्याच्याशेजारी महालक्ष्मीवहिनींनी दिलेले कडबू. दोन संगणक शेजारी शेजारी, दोन खुर्च्या, मध्ये खिडकी. रुचिराला आधी हा प्रकार पसंत नव्हता. पण दुसऱ्याच शनिवारी गुरुरावांनी "वहिनी, कापी मीं करतों" म्हणून स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि तिचं मत पालटलं. गुरुरावांची कॉफी बघण्यासारखी असे. उंच पेला एका हातात, पसरट वाटी दुसऱ्या हातात, आणि एका हातातून दुसऱ्यात पडणारी ती तांबूस धार. हात वर वर जाई, धार लांब लांब होई, थेंब बाहेर पडत नसे. इरा टाळ्या वाजवी. त्र्यंबकराव म्हणत, "गुरुराव, हा हात विमा उतरवून ठेवण्यासारखा आहे."

हे आधी सांगून ठेवायला हवं, कारण पुढे कॉफीची धार बंद झाली आणि ते त्र्यंबकरावांच्या लक्षात आलं नाही.

झालं असं, की एका शनिवारी गुरुरावांनी कॉफी केली, पण पेला तसाच वाटीत ठेवून दिला. "आपोआप निवते की," ते म्हणाले. पुढच्या शनिवारीही तेच. त्याच सुमारास किल्ल्यावर त्यांचा नेम चुकायला लागला. त्र्यंबकराव संघाचे कप्तान. त्यांनी क्वालिटीवाल्याच्या पद्धतीने आधी माऊस तपासला, मग पॅड, मग इंटरनेटची तार, मग खुर्चीची उंची. सगळं तपासून झालं, माणूस सोडून. मग ते गुरुरावांना व्हिडिओ पाठवू लागले. 'मनगट सैल कसे सोडावे.' 'नेम पक्का करण्याचे उपाय.' प्रत्येक व्हिडिओखाली अंगठा उंचावलेलं चित्र आणि "रोज करा!"

गुरुराव उत्तर पाठवत, "सरी सार." बरं, सर.

मग एके दिवशी ते म्हणाले, "बुरूज तुम्ही घ्या. मीं दरवाजा राखतों."

"अहो, दरवाजा कोणीही राखेल! बुरुजावर तुमच्याशिवाय कोण?"

"पोदुम हो," गुरुराव हसून म्हणाले. पुरे आता. "बुरुजावर वारा फार."

पडद्यावरच्या बुरुजावर कसला आलाय वारा! पण विनोद चांगला होता. त्र्यंबकराव पोट धरून हसले आणि बुरुजावर गेले.

त्याच दिवसांत बातमी आली. ॲशफोर्ट काढणाऱ्या कंपनीच्या मनात खेळ कन्सोलवर आणायचा होता, आणि त्याआधी तिला जुन्या खेळाडूंचं मत हवं होतं. चेन्नईतल्या खेळाडूंची सभा टी. नगरमध्ये एका साडीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ठेवली होती. कंपनीतर्फे लावण्या नावाची एक चटपटीत मुलगी येणार होती. 'खेळ कन्सोलवर आणावा की आणू नये' यावर बाजूचे आणि विरुद्धचे बोलणार होते. विरुद्ध बाजूचे पहिले वक्ते म्हणून अर्थातच त्र्यंबकराव.

त्र्यंबकराव आणि गुरुराव बसने निघाले. टी. नगरच्या बसमध्ये साड्यांच्या पिशव्या आणि माणसं यांत फरक करणं अवघड असतं. दोघांच्या मांडीवर कुणाच्या तरी पिशव्या आपोआप येऊन बसल्या. पिशवीआडून गुरुराव म्हणाले, "आणूं देत की हो कन्सोलवर. काय बिघडतें?"

"काय बिघडतें?" त्र्यंबकराव ओरडले. पुढची बाई वळून बघू लागली. "तुम्ही हे म्हणताय? तुम्ही, गुरुराव?"

"आमचे जननीपाशीं आहे एक डबा. मीं बघितलें खेळून दुसरें कांहीं. दोन्ही हातांनीं घट्ट धरतां येतें. बरें असतें."

"बरें असतें! अहो, ते एम असिस्ट म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? अंगठ्याला नेम जमत नाही, म्हणून खेळच आपला हात धरून नेम लावून देतो!"

"होय. थोडकें ओढून घेतें," गुरुराव म्हणाले. "तें बरें वाटलें मला."

इथे त्र्यंबकरावांनी नुसतं "का?" म्हणायला हवं होतं. बस पानगल पार्कापाशी बराच वेळ अडकली होती, वेळही होता. पण त्यांच्या डोक्यात भाषण उकळत होतं. ते म्हणाले, "थांबा, सभेत ऐका. तुमचं मत पालटतो की नाही बघा."

"सरी सार," गुरुराव म्हणाले आणि पिशवीखालचे हात तिथेच राहू दिले.

भाषण झकास झालं. इचलकरंजीच्या ठसक्याच्या इंग्रजीत त्र्यंबकरावांनी हॉल डोक्यावर घेतला. माऊस म्हणजे स्वतःचं हस्ताक्षर, ते म्हणाले. माणूस जसा असेल तसा तिथे दिसतो. कंट्रोलरने नेम धरणं म्हणजे दोन अंगठ्यांनी चपाती लाटणं. ती गोल कशी व्हावी? मग खेळ मागून येऊन हात धरतो आणि गोल करून देतो, आणि आपण लोकांना दाखवत फिरतो, बघा माझी चपाती! समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सार, चपाती नको, दोसा सांगा!" हशा झाला. एखाद्याला हशा मिळाला की त्याला दुसरा हवासा वाटतो. त्र्यंबकरावांनी उजवा हात पुढे करून तो लटालटा हलवून दाखवला. "उद्या असला थरथरता हात घेऊन कुणी आजोबा येतील आणि बुरुजावर उभे राहतील! नेम कुणाचा? डब्याचा! अशांना दुसरे पुष्कळ खेळ आहेत. किल्ला कशाला?"

हॉल कोसळला. लावण्यासुद्धा लॅपटॉपवर लिहिता लिहिता हसली. त्र्यंबकरावांनी गुरुरावांकडे पाहिलं. गुरुरावही हसत होते. हात खिशात होते.

नंतर सगळ्यांना कॉफी आली. गुरुराव म्हणाले, आज नको. चेन्नईत जन्मभर राहिलेल्या तंजावरी माणसाने समोर आलेली फिल्टर कॉफी नाकारली, आणि अर्ध्या मिलिमीटरची फट ओळखणारा माणूस शेजारी बसून स्वतःच्या भाषणाबद्दल विचारत होता, "कसं झालं? चपाती जरा जास्त झाली का?"

"फार उत्तम बोललांत," गुरुराव म्हणाले. आणि त्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट.

पुढच्या शनिवारी गुरुराव आले, दरवाजा राखला, दोनदा मेले, आणि निघताना माऊस टेबलावरच राहिला. त्र्यंबकरावांनी जिन्यातून हाक मारली. "असूं दे तिथेंच," खालून आवाज आला. मग काही शनिवार जननीच्या परीक्षेत गेले. काही महालक्ष्मीवहिनींच्या भावाकडच्या कार्यात गेले. एक शनिवार क्वार्टर्सच्या गळक्या छतात गेला, आणि त्या आठवड्यात चेन्नईत पावसाचा थेंब नव्हता.

मग कंपनीचा निर्णय आला. ॲशफोर्ट कन्सोलवर येणार होता, पण वेगळा. माऊसवाले माऊसवाल्यांशी खेळतील, कंट्रोलरवाले कंट्रोलरवाल्यांशी. दोघांची गाठ पडणार नाही, म्हणजे कुणावर अन्यायही नाही. जगभरच्या हजारो खेळाडूंनी हेच मागितलं होतं. पण त्र्यंबकरावांची खात्री होती की काम चपातीने केलं. त्यांनी गुरुरावांना ताबडतोब फोन लावला. "जिंकलो! आपला किल्ला आपल्याकडे राहिला!"

"बरें जाहलें," गुरुराव म्हणाले. मग घसा खाकरून, "सार, मीं आतां तिकडे खेळतों. डब्यावर. तुम्हांस सांगायचें राहिलें."

 त्र्यंबकराव म्हणाले, "म्हणजे आपण आता...?"

"तेंच की. तुमचा किल्ला निराळा, आमचा निराळा."

त्र्यंबकराव रागावले. अगदी आपला माणूस फितूर व्हावा तसे रागावले. रुचिराला म्हणाले, "सोय बघितली त्याने. सोफ्यावर लोळून खेळायची सोय!" रुचिरा म्हणाली, "गुरुभाऊजी? आपल्या सोफ्यावर तरी कधी टेकून बसलेत का ते?" त्र्यंबकराव तिलाही रागावले. शनिवारी दुसऱ्या संगणकावर त्यांनी कारखान्यातल्या अक्षत नावाच्या एका तरुण इंजिनिअरला आणून बसवलं. पोरगा नेमाचा बरा होता, पण खेळताना कुरकुऱ्या खायचा. दुसऱ्यांदा बोलावलं नाही. मग खुर्ची रिकामी राहिली, आणि त्र्यंबकराव एकटेच बुरुजावर उभे राहू लागले. खरंच वारा होता तिथे.

नवरात्रात महालक्ष्मीवहिनींनी रुचिराला फोन केला. "बाहुल्यांचें कोलू मांडलें आहे. तुम्ही दोघें यावें. इरासही आणावें." त्र्यंबकराव नाही म्हणाले. रुचिरा म्हणाली, "बोलावणं बाहुल्यांकडून आहे, गुरुभाऊजींकडून नाही. चला." संध्याकाळी तिघं आवडीला पोचले.

पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या. वर देव, मधे तंजावरची डुलणारी नर्तकी, खाली वाणी-वाणीण आणि त्यांची चिमुकली पोती. दरवर्षी सगळ्यात खालच्या पायरीवर जननीची मुखत्यारी असे. तिथे तिने मातीचा किल्ला केला होता. त्र्यंबकरावांनी तो लगेच ओळखला. तेच जिन्याचं वळण, तोच बुरूज. बुरुजावर दुर्बिणीची बंदूक घेतलेला एक बाहुला, दाराशी दोन, जिन्यावर एक.

"अग, हा तर ॲशफोर्ट!" सगळा राग विसरून त्र्यंबकराव खाली वाकले. "बुरुजावर कोण?"

"अप्पा," जननी म्हणाली. "दाराशी माझ्या मैत्रिणी, कनका आणि विद्यालक्ष्मी. जिन्यावर मी. आमची टीम."

"आणि मी कुठे?"

जननीने खरोखर विचार केला. तिला विनोद वाटला नव्हता. "अंकल, तुम्ही दुसऱ्या सर्व्हरवर ना."

तेवढ्यात गुरुराव द्रोणातून सुंडल घेऊन आले. उकडलेले हरभरे, वर खोबरं. त्यांनी द्रोण पुढे केला आणि हरभरे द्रोणात आपोआप नाचू लागले. एक उडून नर्तकीच्या पायाशी पडला. गुरुरावांनी झटकन डावा हात उजव्याखाली धरला. ते इतक्या सवयीने झालं की धरणं नवीन नव्हतं हे कळत होतं.

अखेर त्र्यंबकरावांना फट दिसली.

बाहेरच्या व्हरांड्यात दोघं बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"पुष्कळ दिवस जाहले. वडिलांसही होतें. डॉक्टर म्हणतात जिवास कांहीं नाहीं. जायचें मात्र नाहीं तें." गुरुरावांनी हात पुढे करून दाखवला. ज्याचा नेम पाहून समोरच्यांची पळापळ व्हायची तो हात पिंपळाच्या पानासारखा हलत होता. "शिक्का मारितां येतो. सही करायची तर वेळ लागतो. आणि माऊस, तो इल्लै, नाहींच. माऊस फार ऐकतो हो, सार. हाताचें सगळें ऐकतो. मला म्हणायचें नसतें तेंही ऐकतो. कंट्रोलरला थोडकें कमी ऐकूं येतें, तें बरें. दोन्ही हातांत दाबून धरिलें कीं हात गप्प बसतो. राहिलें तें डबा ओढून घेतो."

"मला सांगायचं नाही?"

"सांगणार होतों. बसमध्यें."

त्र्यंबकरावांना पिशव्या आठवल्या. पिशव्यांखालचे हात आठवले. मग हॉल आठवला, आणि आपण हात पुढे करून काय केलं होतं ते आठवलं. "मी तिथे... गुरुराव, मला माहीत असतं तर..."

"तर बोललां नसतां. म्हणूनच नाहीं सांगितलें." गुरुराव हसले. "भाषण किती मेहनतीनें केलें होतें तुम्ही. आणि पुढें तुम्ही मजवर दया करून मला जिंकूं दिलें असतें. त्यापेक्षां डब्याची दया बरी. तो तोंड वाईट करीत नाहीं."

"मी ते व्हिडिओ पाठवत होतो..."

"होय की. 'मनगट सैल सोडा.'" गुरुरावांनी हलणारा हात बघितला. "याहून सैल कसें सोडूं?"

दोघं हसले.

परतीच्या रिक्षात इरा झोपली होती. रुचिरा म्हणाली, "ती पिन. बोल्ट ओढून घेणारी. तिला काय म्हणायचं मग?"

भाषण पाठ असूनही तिने ते म्हटलं नाही, एवढे उपकार केले.

त्यांनी कंपनीला लिहिलं. लावण्याचं उत्तर अतिशय गोड शब्दांत आलं: दोन्ही खेळ आता मुळातून वेगळे बांधले गेले आहेत, जोडणं शक्य दिसत नाही, आणि तुमच्यासारख्या जुन्या खेळाडूंच्या स्पष्ट मतांमुळेच आम्हाला निर्णय घेणं सोपं गेलं, त्याबद्दल मनापासून आभार. शेवटची ओळ त्र्यंबकरावांनी एकदाच वाचली.

मग ते शनिवारी आवडीला जाऊ लागले. खांद्याला पिशवी, पिशवीत रुचिराने दिलेल्या शंकरपाळ्या. पण तिथे संघ भरलेला असे. किल्ला राखायला चौघं लागतात आणि चौघं होती. जननी, कनका आणि विद्यालक्ष्मी तामिळमध्ये भराभर बोलत. गुरुराव मधूनच "मागें पाहा! मागें!" म्हणत, आणि ते मराठी त्या पोरींना आता सरावाचं झालं होतं. त्र्यंबकराव मागे वेताच्या मोड्यावर बसत. बुरुजावर गुरुराव उभे असत, आणि नेम पुन्हा तसाच लागत असे. डबा किती ओढत होता आणि हात किती, ते मोड्यावरून सांगता येत नव्हतं. फटीच ओळखण्यात जन्म गेला होता त्यांचा, पण इथे डोळे बारीक करूनही ती दिसली नाही.

मधल्या वेळेत कॉफी आता त्र्यंबकराव करत. एकदा त्यांनी धार धरायचा प्रयत्न केला. अर्धी ओट्यावर गेली. महालक्ष्मीवहिनी म्हणाल्या, "परवाइल्लै, असूं दे," आणि हातात फडकं दिलं. तेव्हापासून ते पेला अर्धाच भरतात. अर्धा पेला कितीही हलला तरी सांडत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि गुरुरावही त्यावर कधी बोलले नाहीत, नुसता पेला घेतात.

एका शनिवारी जननीला लवकर क्लासला जायचं होतं. तिने कंट्रोलर त्र्यंबकरावांच्या हातात दिला. "अंकल, बसा."

तो प्रसंग किल्ल्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखा नाही. त्र्यंबकराव बराच वेळ आकाशाकडे बघत होते. मग खाली बघायला गेले ते थेट स्वतःच्या बुटांकडे. मग भिंतीवर गोळ्या झाडल्या. कनका आणि विद्यालक्ष्मी आपापल्या घरून हेडफोनवर हसत होत्या. गुरुरावांनी मधेच खेळ थांबवून पडद्यावरची कसलीशी खूण पार शेवटपर्यंत सरकवली. "एम असिस्ट पूर्ण ठेविलें हो तुमचेसाठीं."

पुन्हा खेळ सुरू झाला. जिन्यावरून कोणी आलं, त्र्यंबकरावांनी अंगठा कसाबसा वळवला, आणि पडद्यावरचा नेम हलकेच, कुणी बोट धरून न्यावं तसा, त्या माणसाकडे गेला.

"मारिलें! तुम्ही मारिलें!" गुरुराव ओरडले.

"मी नाही हो. त्याने मारलं."

"मलाही तोच मारून देतो," गुरुराव म्हणाले आणि बुरुजावर वळले.

अजूनही कुणी विचारलं तर त्र्यंबकराव म्हणतात की नेमासाठी माऊससारखं दुसरं काही नाही. ते त्यांचं मत आहे आणि ते खरंही असेल. फक्त आता वाक्य तिथेच संपतं. मग ते जरा थांबतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं अजून काही म्हणणार आहेत.

पुढच्या शनिवारी जननीचा क्लास नव्हता. त्र्यंबकराव पुन्हा मोड्यावर. त्यांना हल्ली सारखे ते मधले शनिवार आठवतात, ज्या दिवसांत हात थोडाथोडा हलू लागला होता आणि माऊस अजून पिशवीत यायचा. तेव्हा अजून शेजारी बसून खेळता आलं असतं. हरता आलं असतं. बुरूज रिकामा ठेवून दोघांनी दरवाजा राखला असता तर कोण विचारणार होतं? ते दिवस त्यांनी खुर्चीची उंची मोजण्यात घालवले.

पोरूरला गुरुरावांचा माऊस अजून दुसऱ्या टेबलावर आहे. परवा इरा चटणीचा हात घेऊन तिथे पोचली आणि तो माऊस धरून पडद्यावर चित्रं काढू लागली. त्र्यंबकराव दारात उभे होते. माऊसवर लाल बोटं उमटत होती. त्यांनी हाक मारली नाही. इरा जेवायला उठल्यावर त्यांनी ओलं फडकं आणलं, माऊस पुसला आणि होता तिथेच, गुरुरावांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला ठेवला.

संध्याकाळी कपडे द्यायला रुचिरा खाली गेली तेव्हा इस्त्रीवाल्याने काळजीने विचारलं, सार गावाला गेलेत का? बरेच दिवस वरून आवाज नाही.